प्रस्तावित दगडखाण आणि आपल्या विहिरींचे पाणी





गेले दोन महिने गट ऑफिसला येणाऱ्या सभासदांच्या तोंडी ऊस नोंदीपेक्षा एकच विषय जास्त आहे. कार्यक्षेत्राच्या उत्तर अंगाला डोंगराच्या उतारावर सुमारे ४ हेक्टर जागेत दगडखाण आणि खडी क्रशर सुरू करण्याचा प्रस्ताव आहे. त्या उतारावरचा ओढा खाली पाझर तलावाला मिळतो. तलावाखाली आपल्या सभासदांच्या बागायती विहिरी आहेत आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीरही त्याच ओढ्याकाठी आहे. तेव्हा काळजी वाटणे साहजिक आहे.

परवा एका वयस्कर सभासदांनी आमच्या फिल्डमनला गाठले.

"साहेब, खाण माझ्या विहिरीपासनं अर्धा मैल लांब. डोंगर त्यांचा, दगड त्यांचा. मग माझ्या पाण्याला धक्का कसा लागंल?"

"आबा, डोंगर त्यांचा असला तरी त्यात मुरलेला पाऊस तुमच्या विहिरीत येतोय."

"बरं, आलं ध्यानात. पण उद्या पाणी कमी झालं, तर ते खाणीनंच कमी झालं हे मी दाखवू कसं?"

या प्रश्नावर फिल्डमनपाशी तयार उत्तर नव्हते. खरे म्हणजे सगळी गोष्ट या एका प्रश्नावरच येऊन थांबते. म्हणून हा लेख.

आधीच एक खुलासा करतो. हा लेख खाणीच्या विरोधात नाही आणि बाजूनेही नाही. आपल्या ऊस वाहतुकीच्या रस्त्यांना खडी लागते, घराला लागते, विहिरीच्या बांधकामाला डबर लागतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच वाडवडिलांनी खडी फोडून दिवस काढले. अर्ज करणारा माणूसही कोणी परका नाही. पण दगड निघावा आणि पाणीही राहावे असे वाटत असेल, तर काही गोष्टी पहिला सुरुंग उडण्याच्या आत ठरल्या पाहिजेत. नंतर त्या ठरत नाहीत, नंतर फक्त भांडणे होतात.

विहिरीला पाणी येते कोठून?

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि थंड झाले. ज्याने विहीर खणली आहे त्याला हे थर पुस्तकात वाचायला नकोत. वर माती, मग मुरूम, मग फुटीर कातळ, मग कोठे मांजऱ्या खडक, कोठे तांबडा गेरूसारखा पट्टा आणि खाली छिन्नीला दाद न देणारा काळा कातळ.

यातील अखंड कातळात पाणी जवळजवळ मावत नाही. पाणी असते ते मुरमात, मांजऱ्यात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. डोंगरउतारावर पडलेला पाऊस मुरमातून आत शिरतो, खाली घट्ट थर लागला की आडवा चालू लागतो आणि भेगेभेगेने उताराकडे येतो. आपल्या विहिरीत ज्याला आपण झरा म्हणतो, तो या वाटेचा शेवट असतो.

मुरमाचा थर म्हणजे डोंगराचा स्पंजच समजा. पावसाळ्यात प्यायचे आणि उन्हाळ्यापर्यंत थोडे थोडे सोडायचे, हे त्याचे काम. हा साठा मोठा नसतो. म्हणून तर आपल्या भागातील विहिरी दिवाळीला तुडुंब दिसतात आणि एप्रिलमध्ये तळ दाखवतात. साठा लहान असल्यामुळे त्याला लागलेला धक्काही लवकर जाणवतो.

खाणीमुळे पाण्याचे काय होऊ शकते?

पहिली गोष्ट, स्पंज जातो. दगड काढण्यापूर्वी वरची माती आणि मुरूम खरवडून बाजूला टाकावा लागतो. उघड्या कातळावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो. ४ हेक्टर जागेवर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर तो २ कोटी ४० लाख लिटर होतो. पूर्वीही हा सगळा मुरत होता असे नाही, थोडाच भाग मुरत होता. पण तो थोडा भागच विहिरींच्या वाट्याचा होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खाणीचा तळ जमिनीतील पाण्याच्या पातळीखाली गेला, की ती खाण राहत नाही, ती एक प्रचंड विहीर होते. चारी बाजूंच्या भेगांतून पाणी तिच्यात उतरते. काम चालू ठेवायचे म्हणून खाणवाला पंप लावून ते बाहेर फेकतो. शेजाऱ्याने खोल विहीर घेऊन मोठा पंप बसवला की आपले पाणी उतरते, हा अनुभव सर्वांना आहे. येथेही तेच होते, फक्त आकार मोठा.

हिशेब करून पाहा. खाणीतला पंप सेकंदाला १० लिटर पाणी फेकतो आणि दिवसातून ८ तास चालतो असे धरले, तर रोज २ लाख ८८ हजार लिटर पाणी बाहेर पडते. एक एकर उसाला ८ सेंटिमीटरची एक पाळी द्यायला साधारण ३ लाख २४ हजार लिटर लागतात. म्हणजे खाणीतून दररोज जवळजवळ एक एकराची पाळी निघून जाते! हे पाणी ओढ्यात सोडले आणि पाझर तलावात परत मुरले तर नुकसान कमी. पण गढूळ करून भलतीकडे सोडले, तर गेले ते गेले.

तिसरी गोष्ट गाळाची. क्रशरचा कच आणि खरवडलेली माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला येते. आपल्याला वाटते, गाळ काय, बसेल खाली. पण सगळा गाळ सारखा बसत नाही. एक मीटर खोल संथ पाण्यात बारीक वाळूचा कण सुमारे २ मिनिटांत तळाला जातो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कणाला ३ तासांच्या आसपास लागतात. आणि त्याच्याही दहाव्या हिश्शाएवढ्या, चिकणमातीसारख्या कणाला १० ते १२ दिवस लागतात. हा शेवटचा कणच घातकी. तो पाझर तलावाच्या तळाला लिंपण घालतो. तलाव भरलेला दिसतो, पण पाझरत नाही, आणि खालच्या विहिरी कोरड्या पडतात.

चौथी गोष्ट पाण्याच्या गुणाची. दगड फोडायला जी स्फोटक दारू वापरतात, तिच्यात बहुतेक वेळा अमोनियम नायट्रेट असते. न जळलेला किंवा सांडलेला भाग पाण्यात सहज विरघळतो आणि नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. तान्ह्या बाळांना ते विशेष बाधते. शिवाय यंत्रांचे डिझेल आणि ऑईल आहेच. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, आपण उसाला बेसुमार युरिया टाकतो, त्यानेही विहिरीतले नायट्रेट वाढते. म्हणून आजचा आकडा हातात नसेल, तर उद्या वाढलेले नायट्रेट कोणाच्या खात्यावर टाकायचे?

पाचवी गोष्ट सुरुंगाच्या हादऱ्याची. जवळच्या विहिरींचे दगडी बांधकाम ढिले होऊ शकते. भेगा हलल्या तर झरा कमी होतो, तर क्वचित कोठे वाढतोही. याबद्दल छातीठोक भविष्य कोणीही सांगू नये.

खाणवाल्याकडून काय लिहून घ्यावे?

वरील प्रत्येक अडचणीवर उपाय आहे. तो महाग नाही, पण आराखड्यात आधी यावा लागतो. आपल्या मागण्या अशा असाव्यात.

१. खाणीचा तळ किती खोल जाणार, हे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत लिहावे. नुसते 'इतके फूट खोल' म्हणणे पुरेसे नाही, कारण उतारावर फूट कोठून मोजायचे हाच वाद होतो. पावसाळ्यानंतर पाणी सर्वात वर असते, त्या पातळीच्या निदान २ मीटर वर तळ थांबावा. त्यापेक्षा खाली जायचे असेल, तर भूजलाचा स्वतंत्र अभ्यास आणि संबंधित खात्याची परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये.

२. खाणीच्या वरच्या अंगाला गळ्यातल्या हारासारखी वळणाची चर काढावी. डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी खाणीत न शिरता बाहेरून ओढ्याला मिळेल. चांगले पाणी आणि गढूळ पाणी एकत्र होऊ द्यायचे नाही, हे निम्मे काम आहे.

३. खाणीतील पाणी निवळण टाक्यांतून गेल्याशिवाय ओढ्यात सोडू नये. टाक्या किती मोठ्या? एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४ हेक्टरांवर २० लाख लिटर पाणी होते. ते २ मीटर खोलीच्या टाक्यांत धरायचे म्हटले, तर सुमारे १० गुंठे जागा लागते. आराखड्यात कोपऱ्यात एक लहान खड्डा दाखवला असेल, तर ती थट्टा समजावी. टाक्या एकापुढे एक दोन-तीन असाव्यात आणि गाळ पावसाळ्यापूर्वी काढलेला असावा. बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी ओढ्यानाल्यात पाणी सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे.

४. खरवडलेली माती आणि मुरूम ओढ्याच्या काठावर ढीग घालून ठेवू नये. ढिगाच्या पायथ्याला दगडी ताल घालावी, वर वाळा किंवा गवत लावावे. हीच माती पुढे जागा पूर्ववत करताना लागणार आहे.

५. डिझेलची साठवण आणि गाड्या धुण्याची जागा सिमेंटच्या पक्क्या तळावर, कठडा घालून आणि ओढ्यापासून लांब असावी.

६. क्रशरवर धूळ बसवायला रोज पाणी मारावे लागते. ते पाणी कोठून आणणार? पाझर तलावातून किंवा गावच्या विहिरीतून नव्हे, हे स्पष्ट लिहून घ्यावे. खाणीत साठलेले पावसाचे पाणी यासाठी आधी वापरावे.

७. पिण्याच्या विहिरीला बाधा आली, तर त्याच आठवड्यात टँकर आणि पुढे कायमची पर्यायी सोय कोण करणार, त्यासाठी किती अनामत ठेवणार, हे आकड्यात लिहावे. 'सहकार्य करू' या शब्दाला कागदावर काही किंमत नसते.

८. खाण संपल्यावर काय? २ हेक्टरांवर १० मीटर खोल खड्डा राहिला, तर त्यात २० कोटी लिटर पाणी मावते. असे पाणी उपयोगी पडते. चेन्नई शहराला २०१७ च्या टंचाईत जुन्या दगडखाणींचे पाणी शुद्ध करून पुरवले होते. पण पायऱ्या पायऱ्यांचे टप्पे, मजबूत कुंपण आणि उतरायला रस्ता नसेल, तर तोच खड्डा पोराबाळांचा आणि जनावरांचा जीव घेतो. आणि त्यात गावाचा कचरा टाकायला सुरुवात झाली, तर तो सरळ भेगांतून आपल्या विहिरीत उतरतो.

कायदा काय सांगतो?

दगड हे गौण खनिज आहे. खाणपट्टा देण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज शाखेमार्फत चालते आणि त्याला महाराष्ट्राचे २०१३ चे गौण खनिज नियम लागू आहेत. ५ हेक्टरांपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले. तेव्हा '४ हेक्टरला कशाला परवानगी' असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही. क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र वेगळे लागते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात ओढा आणि नदीबरोबर विहीर आणि जमिनीखालचे पाणीही येते, हेही ध्यानात ठेवावे.

जिल्ह्यातील गौण खनिजांचा सर्वेक्षण अहवाल मंजूर होण्यापूर्वी त्याचा मसुदा २१ दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि ती ३० दिवस फलकावर लावायची असते. मंजुरीतल्या अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल खाणवाल्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो गुप्त कागद नव्हे, कोणालाही मागता येतो. आपल्यापैकी किती जणांनी असा कागद कधी पाहिला आहे? कागद मागायचा नाही आणि मग चावडीवर तक्रार करायची, ही सवय आता सोडली पाहिजे.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी खाणीमुळेच कमी झाले, हे दाखवायचे कसे?

नुसते 'पूर्वी लई पाणी होतं' हे म्हणणे कोणत्याही कचेरीत टिकत नाही. समोरचा म्हणतो, यंदा पाऊस कमी झाला, शेजारी चार बोअर पडले, तुम्ही उसाचे क्षेत्र वाढवले. आणि त्याचे म्हणणे खोटे असतेच असे नाही. म्हणून खाण सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी हव्यात. त्या अशा घ्याव्यात.

विहिरीच्या काठावर तांबड्या रंगाची एक पक्की खूण करा. टेपला वजन बांधून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. मोजमाप पहाटे, पंप सुरू करण्यापूर्वी घ्या. तारीख, वेळ, अंतर, आदल्या दिवशी पंप किती तास चालला आणि पाऊस पडला असेल तर किती, हे वहीत लिहा. महिन्यातून एकदा मोजले तरी चालेल, पण ऑक्टोबर आणि मे अखेरची नोंद चुकवू नका. एक भरतीची आणि एक ओहोटीची.

दुसरे मोजमाप झऱ्याचे. पंपाने पाणी उतरवून बंद करा आणि दर तासाला पाणी किती चढले ते लिहा. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी १ मीटर चढले, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर आले. उद्या झरा मंदावला, तर हाच आकडा बोलेल.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि नेमकी तीच सगळे विसरतात. खाणीजवळच्या विहिरींबरोबर, तशाच खडकातली पण खाणीपासून लांब, दुसऱ्या ओढ्यावरची एक-दोन विहिरीही मोजा. पाऊस कमी झाला तर दोन्हीकडचे पाणी उतरेल. पण लांबच्या विहिरी जागच्या जागी आणि खाणीजवळच्याच खाली गेल्या, तर कारण शोधायला पंचांग पाहावे लागणार नाही. आणि दोन्हीकडे सारखेच उतरले असेल, तर खाणवाल्यावर खोटा आळ येणार नाही. नोंद दोघांनाही न्याय देते.

याबरोबर विहिरीच्या बांधकामाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. गावच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून नायट्रेट आणि गढूळपणाचा दाखला घ्या. ग्रामपंचायत, खाणवाला आणि दोन सभासद यांच्या समक्ष पंचनामा करा आणि सर्वांच्या सह्या घ्या. खाणवाल्याची सही सर्वात मोलाची. ज्याला सचोटीने धंदा करायचा आहे, तो सही नाकारणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या भागातील तिच्या विहिरीचे जुने आकडे मिळवले, तर आपल्या नोंदींना भक्कम जोड मिळेल.

कारखान्याकडून

शेतकी विभागाने विहीर नोंदवहीचा नमुना छापून गट ऑफिसला ठेवला आहे. त्या ओढ्यावरील सभासदांनी आपल्या चिटबॉयकडे विहिरीचा गट नंबर, खोली आणि व्यास कळवावा. पहिले मोजमाप फिल्डमन स्वतः येऊन करून दाखवतील. पुढचे तुमचे तुम्ही करायचे. घरातील शाळकरी मुलामुलींकडे हे काम द्या, ती आपल्यापेक्षा चोख करतात.

शेवटी एवढेच. आपण कारखान्याला ऊस घालतो, तेव्हा काट्यावर गाडी चढल्याशिवाय वजन मानत नाही. भरलेली गाडी मोजतो, रिकामी गाडी मोजतो, मग पावती घेतो. मग ज्या पाण्यावर तो ऊस येतो, त्याचे वजन तोंडी का मानावे? आबांना आमचे सांगणे आहे, खाण होवो न होवो, टेप आणि वही आजच घ्या. खाण झाली नाही, तरी वही वाया जाणार नाही. उन्हाळ्यात किती एकर ऊस जगवता येईल, हे ती तुम्हाला लागणीच्या आधीच सांगेल.



शेतकी विभाग